आठवा सर्व्हर

(वेळा न्यूयॉर्कच्या)

2003 : अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या बड्या दलाली कंपनीने ‘पॉवर पेग’ नावाची ऑर्डर पद्धत वापरणं बंद केलं. कोड मात्र सर्व्हरवर तसाच राहू दिला.

2005 : मागितले तेवढे शेअर मिळाले की ऑर्डरी थांबवायच्या, यासाठी मोजणी करणारा भाग कोडमध्ये दुसरीकडे हलवला. त्यानंतर पॉवर पेग तपासला नाही. वापरात नसलेलं कोण तपासतो?

जुलै 2012 : न्यूयॉर्क शेअर बाजार 1 ऑगस्टपासून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना आणणार होता. कंपनीपुढचं काम एका ओळीत मावणारं होतं : ऑर्डरी बाजाराकडे धाडणाऱ्या ‘स्मार्स’ प्रणालीत योजनेचा कोड घाला. कोड चालू करायला जुन्या पॉवर पेगचाच फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, घेतला. जुना कोड काढून टाकायचा होताच. पण तो एखाद्या सर्व्हरवर उरलाच, तर हाच फ्लॅग तिथे काय चालू करेल? हा प्रश्न कोडच्या पहिल्या ओळीआधी कागदावर यायला हवा होता. सर्व्हर किती, तपासणार कोण आणि बिघडलं तर मागे कसं फिरायचं, हेही त्याच कागदावर.

27 जुलैपासून : नवा कोड टप्प्याटप्प्याने चढवला. आठपैकी एका सर्व्हरवर तो चढवायचा राहिला. दुसऱ्या कुणी पडताळणी केली नाही; तशी लेखी पद्धतच नव्हती. दोष त्या एका तंत्रज्ञाच्या माथी मारणं सोपं आहे, मला ते पटत नाही.

1 ऑगस्ट, सकाळी 8.01 : यंत्रणेतून आपोआप ईमेल सुटू लागले. त्यांत ‘पॉवर पेग’चं नाव स्पष्ट होतं. बाजार उघडेपर्यंत 97 ईमेल गेले. ते इशारे म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे आल्या आल्या वाचायची सवय कुणाला नव्हती.

9.30 : बाजार उघडला. सात सर्व्हर बरोबर वागले. आठव्यावर फ्लॅगने नऊ वर्षं निजलेला पॉवर पेग जागा केला. मोजणी नाही, म्हणून थांबणंही नाही : मूळ ऑर्डर पुरी झाली तरी नव्या ऑर्डरी सुटतच राहिल्या.

पुढची 45 मिनिटं : धावपळीत कुणाला वाटलं, नवाच कोड बिघडलाय. म्हणून सात सर्व्हरवरून तो काढून टाकला. म्हणजे जिथे सगळं नीट होतं, तिथेही मागे राहिलेला जुना कोड मोकाट सुटला! परतीची वाट आधी आखलेली नसली की माणूस हाताला लागेल ती गोष्ट उपटतो.

10.15 च्या सुमारास : ऑर्डरी थांबल्या. ग्राहकांच्या अवघ्या 212 ऑर्डरींपोटी 154 कंपन्यांच्या शेअरचे सुमारे 40 लाख सौदे झाले होते, 39.7 कोटींहून अधिक शेअरची देवघेव झाली होती. अंगावर आलेले सौदे निस्तरताना तोटा 46 कोटी डॉलरवर गेला.

6 ऑगस्ट : बाहेरच्या गुंतवणूकदारांनी 40 कोटी डॉलर ओतले, तेव्हा कंपनी तगली. पुढच्या वर्षी गेटको या कंपनीशी तिचं विलीनीकरण झालं.

ऑक्टोबर 2013 : अमेरिकी रोखे आयोगाने 1.2 कोटी डॉलर दंड ठोठावला. बाजाराशी थेट जोडलेल्या दलालांनी जोखमीला लगाम घालावा, या नियमाखालची ही पहिलीच कारवाई. कोड चढवल्यावर दुसऱ्याने तो तपासावा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, ही नोंद आदेशात आहे.