बकी परत येतो तेव्हा

चित्रकथांच्या जगात मरण फारसं टिकत नाही. अमेरिकन कॉमिक्समधला एक मुलगा मात्र चाळीस वर्षं मेलेलाच राहिला. त्याचं नाव बकी बार्न्स.

जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४१ साली ‘कॅप्टन अमेरिका’ निर्माण केला, तेव्हाच हा पोरसवदा सवंगडी त्याच्या जोडीला दिला. महायुद्धाचे दिवस होते. पुढे १९६४ साली स्टॅन ली आणि कर्बी यांनी सांगून टाकलं, की १९४५ मध्येच विमानाच्या स्फोटात बकी गेला. तेव्हापासून तो नायकाच्या मनातला सल होऊन राहिला.

२००५ मध्ये लेखक एड ब्रूबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी त्याला परत आणलं. पण कसं? डावा हात धातूचा, स्मृती पुसलेली, सोव्हिएत हस्तकांनी घडवलेला मारेकरी, ‘विंटर सोल्जर’. कामगिरी संपली की त्याला गोठवून ठेवत. ब्रूबेकरने मागचंही उलगडलं. कॅप्टनला शोभली नसती अशी रक्ताळलेली कामं युद्धात या कोवळ्या पोराकडून करून घेतली होती.

अखेर कॅप्टन त्याला त्याची आठवण परत देतो. तिच्याबरोबर प्रत्येक खुनाचा हिशेबही येतो. श्वास आधीपासून चालूच होता. मला कवीला वाटतं, बकी जिवंत झाला तो या क्षणी.

लढाईवरून परतलेल्या पोरांकडे आपण मर्दुमकीच्या गोष्टी मागतो. त्यांना जे विसरता येत नाही, ते ऐकायची आपली तयारी असते का?