यमुना, तुळसा, मंजुळा : मुलींच्या जुन्या नावांचा थोडा इतिहास

अलीकडे आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील बारशांना गेले की एक बदल ध्यानात येतो. आत्या बाळाच्या कानात जे नाव सांगते, ते पुन्हा रमा, मुक्ता, जानकी, तारा, सई असे असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणी असे नाव सुचविले असते तर घरातील तरुण मंडळींनी ‘हे तर म्हातारीचे नाव’ म्हणून ते बाजूला ठेवले असते. आता तीच मंडळी आजी-पणजीचे नाव शोधत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण शोध सुरू केला की पुष्कळ घरांत एक अडचण उभी राहते. त्या अडचणीला मोठा इतिहास आहे, म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला.

मराठी मुलखातील बायकांची नावे पाहू लागलो तर फार मागे जाता येते, आणि त्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या सीमेपलीकडे अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात ऋद्धिपूर आहे. तेराव्या शतकात तेथे महानुभाव पंथाचा वावर होता. ‘लीळाचरित्रा’त महदाइसा, उमाइसा, बाइसा अशी बायकांची नावे येतात. यांतील महदाइसा म्हणजेच ‘धवळे’ रचणारी महदंबा, मराठीतील पहिली कवयित्री. त्याच शतकात मुक्ताबाई आणि जनाबाई झाल्या. आज ‘मुक्ता’ हे नाव नवे वाटते, पण ते सातशे वर्षांहून जुने आहे.

पुढे आपला भाग देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला. त्या घराण्यात दर्याबाई, बांकाबाई अशी नावे आढळतात. बांकाबाई ही दुसऱ्या रघूजींची पत्नी. १८१८ नंतर तिसरे रघूजी लहान असताना ती राजप्रतिनिधी होती. राजवाड्यातील ही नावे गावात फारशी पसरली नाहीत. गावातील नावे वेगळ्या ठिकाणांहून येत. नद्यांवरून गंगा, यमुना, गोदा, भागीरथी, नर्मदा. देवींवरून पार्वती, लक्ष्मी, रेणुका, अनसूया. दागिन्यांवरून पुतळा, हिरा, सोना. फुलाझाडांवरून शेवंता, जाई, तुळसा, केशर. काही घरांत मुलगी ज्या वारी जन्मली त्या वाराचेच नाव तिला मिळे. या नावांतून त्या घराची श्रद्धा कळते, आणि लेकीत त्यांना काय दिसत होते तेही कळते.

सगळीच जुनी नावे मात्र जपण्यासारखी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मुले जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडी, दगडी अशी नावे ठेवीत. त्यामागे निदान मूल वाचावे ही ओढ होती. पण मुलीवर मुलगी झाली म्हणून ‘नकोशी’ नाव ठेवण्याची रीतही होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. म्हणजे ही गोष्ट पणजीच्या काळातली नाही, कालपरवापर्यंतची आहे. जुने नाव घेताना त्याचा अर्थ आणि ते का ठेवले गेले, हे विचारून घ्यावे ते यासाठी.

आता मूळ अडचणीकडे येतो. आजीचे नाव बाळाला द्यायचे ठरले, तर आजीचे कोणते नाव? कारण आपल्याकडे बाईला बहुधा दोन नावे असत. ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने नवे नाव लिही, आणि त्या दिवसापासून माहेरचे नाव मागे पडे.

याची सर्वांत ठळक उदाहरणे आपल्या थोर स्त्रियांचीच आहेत. १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी जन्मलेल्या मुलीचे नाव होते यमुना. १८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती रमाबाई रानडे झाली. १८६५ साली जन्मलेल्या आणखी एका मुलीचे नाव यमुनाच होते. गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाल्यावर ती आनंदीबाई झाली आणि १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई मूळच्या गोदूबाई. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका. यमुना हे नाव तेव्हा इतके घरोघरीचे होते की बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीची नायिका यमुना आहे आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये आपली कहाणी सांगणारीही यमूच आहे. तरीही आज रमाबाई आणि आनंदीबाई सर्वांना ठाऊक आहेत, त्या दोन यमुना फार थोड्यांना.

थोर स्त्रियांची चरित्रे लिहिली गेली म्हणून त्यांची माहेरची नावे निदान पुस्तकांत राहिली. आपल्या घरांचे काय? आपल्या घरातील वंशावळी बघा. बापाखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. सुनांची नावे असली तर सासरची, लेकींची बहुधा नाहीतच. आमच्यासारख्या सरकारी नोकरीतल्या माणसाला जुने कागद हाताळावे लागतात, तेथेही हेच दिसते. मध्यप्रांताच्या काळातील कागदांत बाईच्या नावाआधी ‘मुसम्मात’ लिहीत आणि नवरा वारला असल्यास ‘बेवा अमुक’ अशी ओळख देत. माहेरच्या नावाला त्या रकान्यात जागाच नव्हती.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असे आपले जगणे झाले. हिंदीत लिहिणाऱ्याच्या हाताला ‘ळ’ची सवय नसते. त्यामुळे घरची तुळसा कागदावर तुलसा झाली, मंजुळा मंजुला झाली, पुतळाबाई पुतलाबाई झाली. यात लिहिणाऱ्याचा वाईट हेतू नव्हता. पण शाळेच्या दाखल्यावर एक आणि जमिनीच्या कागदावर दुसरे, असे झाले की वारसाच्या नोंदीच्या वेळी ती एकच बाई आहे हे सिद्ध करण्यात घरच्यांचे दिवस जातात. इंग्रजी अक्षरांत तर ‘ल’ आणि ‘ळ’ एकच होतात. नातीला ‘मंजुळा’ नाव देणाऱ्यांनी जन्माच्या नोंदीतच ‘ळ’ आग्रहाने लिहून घ्यावा आणि पुढे प्रत्येक कागदावर तोच ठेवावा.

नियमही सोयीचे आहेत. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव ठरले नसेल तर नावाशिवायही ती होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. तेव्हा दवाखान्यात घाईघाईने कुठलेतरी नाव लिहून देण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२३ पासून जन्माच्या दाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना तोच लागणार आहे. त्याच महिन्यात आपला पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या दप्तरात आपल्या लेकींची नावे पहिल्यापासून शुद्ध असावीत, एवढी अपेक्षा गैर नाही.

या उत्सवात पुष्कळ घरी महालक्ष्म्या बसतील. माहेरवाशिणी येतील, पंगतीत आज्या-मावश्या एकत्र बसतील. आमची वाचकांना विनंती आहे की त्या दिवशी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसावे. तिचे माहेरचे नाव विचारावे, तिच्या आईचे आणि सासूचे माहेरचे नावही विचारावे. सांगेल तसे, तिच्या उच्चारानुसार लिहून घ्यावे आणि वंशावळीत त्या त्या जागी भरावे. ऐंशी-नव्वदीतल्या बायका आता थोड्याच राहिल्या आहेत. त्यांच्याबरोबर ती नावे गेली तर ती कोणत्याही कचेरीत सापडणार नाहीत.

त्या यादीतून एखादे नाव पुढच्या बारशाला निघाले तर उत्तमच. ते नाव लग्नानंतरही त्या मुलीचेच राहू द्यावे. तिच्या पणजीला ते मिळाले नव्हते.