नारूचा माग

मोहोळसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात चैत्र-वैशाखात विहिरींचे पाणी तळाला जाते. पायऱ्यांची विहीर असेल तर माणसे थेट पाण्यापर्यंत उतरत आणि घोटाभर पाण्यात उभे राहून घागर भरत. कोणाच्या पायाला फोड आलेला असेल तर त्याची आगही तेथे निवे. नारूच्या कृमीला नेमके हेच हवे असे.

आजच्या तरुण शिक्षकांनी नारू पाहिलेला नसणार. दोन-अडीच फूट, कधी मीटरभर लांब असा हा पांढरा, दोऱ्यासारखा कृमी बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर येई. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर जखम चिघळे आणि माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळे. मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत याला ‘स्नायुक’ म्हटले आहे. पालीत स्नायूला ‘नहारू’ म्हणतात. आपला ‘नारू’ त्याच कुळातला.

रोग इतका जुना, पण तो येतो कोठून हे कळायला १९वे शतक संपत आले. मुंबईतील कंपनी सरकारचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८५०च्या दशकात एका शाळेची हकीकत नोंदवली आहे. ती आम्हाला फार बोलकी वाटते. शाळेतील ५० मुले एका तळ्यात अंघोळ करत, आणि वर्षभरात त्यांपैकी २१ जणांना नारू झाला. दुसरीकडे अंघोळ करणाऱ्या मुलांत तो क्वचितच आढळला. त्या तळ्यात कार्टरना सूक्ष्म कृमींचा सुळसुळाट दिसला. हेच कृमी अंघोळीच्या वेळी कातडीतून शिरत असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळ्यावरचा संशय बरोबर होता, वाट मात्र चुकली. ते कृमी निराळेच होते, आणि नारू शिरतो तो तोंडावाटे.

चूक समजण्यासारखी आहे. पाणी प्यायल्यापासून नारू बाहेर यायला सुमारे वर्ष लागते. गेल्या उन्हाळ्यातल्या घोटाचा संबंध यंदाच्या फोडाशी कोण जोडणार?

१८७० मध्ये तुर्कस्तानात काम करणारे रशियन संशोधक फेदचेंको यांना नारूच्या अळ्या सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक जीवाच्या शरीरात वाढताना दिसल्या. पुढे लायपर यांनी आफ्रिकेत आणि तुर्खुड यांनी मुंबईत प्रयोग करून साखळी पुरी केली. फोड पाण्यात बुडाला की मादी लाखो अळ्या सोडते. सायक्लॉप्स त्या गिळतो, आणि साधारण दोन आठवड्यांत त्या माणसाला बाधण्याजोग्या होतात. असे पाणी प्यायले की जठरात सायक्लॉप्स मरतो, अळ्या सुटतात आणि आतड्याच्या भिंतीतून शरीरात शिरतात.

नारूवर ना औषध सापडले, ना लस. तरी साखळी कळल्यावर ती तोडता आली. भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. १९८४ मध्ये सात राज्यांत, महाराष्ट्रासह, सुमारे ४०,००० रुग्ण होते. आरोग्यसेवकांनी घरोघर रुग्ण शोधले, त्यांना पाण्यात उतरू दिले नाही, विहिरींत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकले आणि पाणी गाळायला कापड दिले. सायक्लॉप्स मिलिमीटरच्या आसपासचा असल्याने दाट विणीच्या दुहेरी कापडात अडकतो. पायऱ्या बंद करून कठडा आणि रहाट बसवणे, हातपंप खोदणे हे काम अधिक खर्चाचे आणि गावाला पटवायला अवघड. पिढ्यान्‌पिढ्यांची, कधी देवाचे कोनाडे असलेली पायवाट बुजवायची म्हटल्यावर लोकांनी कुरकुर केली असेल तर तिला अडाणीपणा म्हणणे आम्हाला जड जाते.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. जगात मात्र काम संपलेले नाही. २०२३ मध्ये माणसांतले १४ रुग्ण नोंदले गेले, आणि आफ्रिकेतील चाड देशात तर कुत्र्यांना नारूची बाधा होत असल्याचे आढळले आहे.

सायक्लॉप्स मात्र आपल्याकडे आहेच. साचलेल्या पाण्याचा पेला उजेडासमोर धरा. झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसले तर भिंग लावा. मादीच्या शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना मुलांना दाखवता येतील.