ज्या शाळेचा तुरुंग झाला

आजचा भाग जरा जड आहे, आधीच सांगते. आजूबाजूला लहान मुलं असतील तर स्पीकर बंद करा आणि इयरफोन लावा.

मी मूळची नाशिकची. बँकॉकमधल्या एका शाळेत गणित शिकवते. २०१९ मध्ये एका शनिवार-रविवारी शेजारच्या कंबोडियाला जाऊन आले. शुक्रवारी शाळा सुटली, सॅक उचलली आणि विमानतळ गाठला. विमानाने जेमतेम सव्वा तासात नॉम पेन्ह, म्हणजे कंबोडियाची राजधानी. बेत साधा होता: नदीकाठी भटकायचं, राजवाडा बघायचा आणि रात्री हॉटेलात वह्या तपासायच्या. हो, वह्यांचा गठ्ठा आणि लाल पेन सोबतच होतं!

शनिवारी सकाळी टुकटुक करून तुओल स्लेंगला गेले. फाटकातून आत शिरल्यावर पहिला विचार आला, अरे, ही तर शाळा आहे! तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, ओळीने वर्ग, मधे मैदान. आपल्याकडच्या कुठल्याही हायस्कूलसारखं.

ते खरोखरच हायस्कूल होतं. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजच्या फौजा नॉम पेन्हमध्ये घुसल्या. त्यांनी काही दिवसांत अख्खं शहर रिकामं करवलं आणि लोकांना शेतांवर राबायला हाकललं. शाळा बंद, बाजार बंद, पैसासुद्धा बंद. पुढे १९७६ मध्ये या रिकाम्या शाळेत 'एस-२१' नावाचा गुप्त तुरुंग आला. वर्गांमध्ये विटांच्या कच्च्या भिंती घालून खोल्या पाडल्या, एक माणूस कसाबसा आडवा होईल एवढ्या. कैद्यांनी उडी मारून जीव देऊ नये म्हणून व्हरांड्यांना काटेरी तारा लावल्या. मैदानातली व्यायामाची लाकडी चौकट छळासाठी वापरली.

इथे १२ हजारांहून जास्त माणसं मारली गेली, असं न्यायालयानेच नोंदवलंय. काही अंदाज १८ हजारांपर्यंत जातात. त्यात शिक्षक होते, डॉक्टर होते, बायका-मुलं होती आणि नंतर नंतर तर पक्षाचेच कार्यकर्ते. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजा नॉम पेन्हमध्ये आल्या तेव्हा इथून वाचलेले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. देशभरात साधारण १७ ते २० लाख माणसं गेली. म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक.

पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. या तुरुंगाचा प्रमुख होता दुच. खरं नाव कांग केक इव. आणि तो आधी गणिताचा शिक्षक होता.

माझाच विषय!

कैद्यांकडून छळ करून लिहून घेतलेले जबाब तो बारकाईने वाचायचा आणि समासात शेरे मारायचा, बरेचदा लाल शाईने. प्रत्येक कैद्याचा फोटो, प्रत्येकाची फाईल. सगळं कसं नीटनेटकं. तो एकटाच शिक्षक होता असंही नाही. खुद्द पोल पॉट कधीकाळी नॉम पेन्हमधल्या खाजगी शाळेत शिकवायचा. इयेंग सारी, सोन सेन हे बडे नेतेही शिक्षकी पेशातले. आणि याच लोकांच्या राजवटीत शिक्षक वेचून मारले गेले.

राजवट पडल्यावर दुच नाव बदलून राहिला आणि पुन्हा शाळेत शिकवायला लागला. १९९९ मध्ये त्याला एका पत्रकाराने शोधून काढलं. २०१० मध्ये शिक्षा झाली, २०१२ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली, आणि २०२० मध्ये तो मेला.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. शिकलेला माणूस वाईट वागत नाही, हे मी घरातच ऐकत मोठी झाले. त्या व्हरांड्यात उभी असताना ते वाक्य मला पुन्हा म्हणवेना. शिस्त, टापटीप, चुका शोधणारी नजर, हे आमचे गुण. पण कोणासाठी आणि कशासाठी, हे विचारायचं सोडलं तर तेच गुण तुरुंग चालवायलाही कामी येतात.

त्या रात्री वह्या तपासल्या नाहीत. लाल पेन हातात घेववेना.

सोमवारी वर्गात एका मुलाने विचारलं, "मिस, हे असंच का करायचं?" एरवी मी म्हणाले असते, "सांगितलंय ना, कर." त्या दिवशी खडू खाली ठेवला आणि पाच मिनिटं नुसतं 'का' यावर बोललो. पोर्शन मागे पडला. पडू दे.

तुमच्या शाळेत 'का' विचारलेलं चालायचं का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!