जिआओझीच्या पारीचे रंग

चीनच्या वायव्येस, शिंजिआंग प्रांतांतील तुर्फान शहराजवळ, अस्ताना नांवाचें एक जुनें दफनस्थान आहे. तेथील हवा इतकी कोरडी आहे कीं, शेंकडों वर्षें जमिनींत पडलेलें कापड, कागद, इतकेंच काय, पण अन्नसुद्धां तेथें कुजत नाहीं. तांग राजवटीच्या काळांतील (इ. स. ६१८ ते ९०७) थडग्यांतून तेथें अर्धचंद्राकृति जिआओझी सांपडल्या आहेत. मृतांसाठीं ठेवलेल्या अन्नापैकीं त्या होत. हजार वर्षांहून अधिक काळ लोटल्यामुळें त्या वाळून दगडासारख्या झाल्या आहेत. तरी आजच्या चिनी गृहिणीनें पाहिल्या तर तिला त्यांची ओळख पटण्यास क्षणाचाही विलंब लागणार नाहीं.

आकार असा टिकून राहिला. रंगाचें तसें नाहीं. पानाफुलांचा रंग शतकानुशतकें राहत नाहीं. त्याचा इतिहास थडग्यांत नव्हे, तर कवींच्या व पाकशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत, शेतांत आणि बाजारांत शोधावा लागतो. आज चीनमधील कित्येक घरांतून हिरव्या, पिवळ्या, केशरी व जांभळ्या पारीच्या जिआओझी वाफवल्या जातात. वरवर पाहणाऱ्यास ही केवळ हौस वाटेल. परंतु पिठांतील रंगाला त्या देशांत निरनिराळ्या काळीं निरनिराळा अर्थ होता. तो अर्थ कसकसा बदलत गेला हें पाहिलें म्हणजे या हौशीमागें काय दडलें आहे तें ध्यानांत येतें.

उकडीचा मोदक ज्यानें पाहिला आहे त्याला जिआओझी म्हणजे काय हें फारसें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पारी, सारण आणि वाफ हीं तीन अंगें दोहोंकडे सारखींच. भेद इतकाच कीं, मोदकाची पारी तांदुळाच्या उकडीची, तर जिआओझीची गव्हाच्या पिठाची. आणि तिचें सारण गोड नसून बहुधा मांस व भाजी यांचें असतें. ती पाण्यांत उकळूनही शिजवितात. वाफवलेल्या प्रकाराला झेंगजिआओ असें म्हणतात.

गहूं हें चीनचें मूळचें धान्य नव्हे. पश्चिम आशियांतून तें चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं तेथें पोंचलें. वाफेवर अन्न शिजविण्याची कला मात्र त्याहूनही जुनी आहे. तळाला भोंकें असलेलीं मातीचीं भांडीं नवाश्मयुगीन वसाहतींत मिळालीं आहेत. प्रारंभीं गहूं हा भातासारखा अख्खाच शिजवून खात. हान राजवटींत (इ. स. पूर्व २०६ ते इ. स. २२०) फिरत्या जात्याचा प्रसार झाला आणि पिठाच्या पदार्थांना बहर आला. याच काळाच्या अखेरीस होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्यानें थंडीनें कान फुटलेल्या गरिबांसाठीं कानाच्या आकाराची जिआओझी प्रथम बनविली, अशी लोककथा आहे. कथा खरी असो वा नसो, कडाक्याची थंडी, गरम वाफ आणि जिआओझी यांचें नातें तींत अचूक पकडलें आहे.

पुढें तिसऱ्या शतकांत शू शी नांवाच्या पंडितानें पिठाच्या पदार्थांवर एक वर्णनात्मक रचना केली. कोणत्या ऋतूंत कोणता पदार्थ खावा याचा विचार तींत आहे. या पदार्थांचीं कांहीं नांवें गल्लीबोळांत जन्मलीं व कांहीं कृति परक्या लोकांकडून आल्या, असें त्यानें मोकळेपणानें नमूद केलें आहे. या रचनेंत पारीची स्तुति आहे ती तिच्या पातळपणाची, मऊपणाची आणि शुभ्रतेची. म्हणजे पहिला मान पांढऱ्या रंगाचा होता. बारीक दळलेलें, वारंवार चाळलेलें पीठ हें त्या काळीं वैभवाचें लक्षण होतें.

पांढऱ्यानंतर पिठांत शिरला तो हिरवा रंग, आणि तो आला ऋतूचा दूत म्हणून. तांग काळांत हुआइ नांवाच्या वृक्षाचीं कोवळीं पानें वाटून त्यांच्या रसांत कणीक भिजवीत व तिच्या शेवया शिजवून थंड करून खात. उन्हाळ्यांत सरकारी पाकशाळेनें हा पदार्थ द्यावा, असा उल्लेख त्या राजवटीच्या नियमग्रंथांत आढळतो. आठव्या शतकांतील थोर कवि दु फू यानें तर याच पदार्थावर एक स्वतंत्र कविता लिहिली. दरबारापासून उपेक्षित कवीच्या घरापर्यंत एकच हिरवा रंग पोंचला होता, आणि दोन्ही ठिकाणीं त्याचा अर्थ एकच होता: उन्हाळा आला, शरीराला थंडावा हवा.

तेराव्या शतकांत सोंग राजवटीच्या उत्तरार्धांत लिन होंग यानें साध्या, वनवासी राहणीला शोभतील अशा पदार्थांचा एक ग्रंथ लिहिला. त्यांतील एका कृतींत पांढऱ्या आलुबुखाराचीं फुलें आणि चंदनाची पूड पाण्यांत भिजत घालून त्या पाण्यानें कणीक मळावयास सांगितली आहे. मग तिच्या पातळ पाऱ्या लाटून लोखंडी सांच्यानें पांच पाकळ्यांचीं फुलें कापावयाचीं व शिजवून कोंबडीच्या निवळ रसांत सोडावयाचीं. येथें रंगापेक्षां सुगंधाला महत्त्व आहे. परंतु पारी भिजविण्याचें पाणीच वनस्पतीचें असावें ही कल्पना मात्र तींत पूर्णपणें प्रकट झाली आहे.

यांगत्से नदीच्या दक्षिणेकडील प्रदेशांत हीच कल्पना चिंगतुआनच्या रूपानें आजही जिवंत आहे. एप्रिलच्या प्रारंभीं चिंगमिंगचा सण येतो. त्या दिवशीं लोक पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात. दवण्याच्या कुळांतील एका रानटी वनस्पतीचा किंवा गव्हासारख्या कोवळ्या गवताचा रस काढून तो चिकट तांदुळाच्या पिठांत मिसळतात, आंत कडधान्याचें गोड पुरण भरतात आणि ते गोळे वाफवतात. युआन मेइ या रसिक लेखकानें १७९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाकग्रंथांत हिरवें गवत कुटून पिठाला रंग देण्याची ही रीत नोंदविली आहे. रसाचा हिरवेपणा टिकावा म्हणून त्यांत थोडी चुन्याची निवळी घालण्याची जुनी युक्ति आहे. वसंतांतील ही वनस्पति कांहीं आठवडेच कोवळी असते. म्हणून हिरवा गोळा दिसला कीं, मृतांचें स्मरण करण्याचे दिवस आले हें मुलालाही समजे.

इतर रंगांचा इतिहास पाहूं गेल्यास तो बहुतांशीं वाटांचा व व्यापाराचा इतिहास ठरतो. ज्या पालकानें आज बहुतेक घरांत पारी हिरवी करतात, तो इ. स. ६४७ मध्यें नेपाळच्या राजानें तांग सम्राटाला पाठविलेल्या भेटींतून चीनला माहीत झाला. त्याच्या चिनी नांवांत इराणकडची आठवण अजून शिल्लक आहे. गाजर मध्य आशियांतून आलें; म्हणूनच त्याच्या नांवामागें परदेशी अशा अर्थाचा शब्द लागला आहे. भोपळा आणि मका हीं दोन्ही अमेरिकेचीं. तीं सोळाव्या शतकांत पोंचलीं. रताळें १५९३ मध्यें चेन झेनलोंग या व्यापाऱ्यानें लुझोन बेटावरून फूजिएन प्रांतांत आणलें आणि दुष्काळांत त्यानें असंख्य लोकांना तारलें. आज त्याच्या जांभळ्या गराच्या जातीनें पारी जांभळी होते. अनंताच्या झाडाचीं फळें पिवळा रंग देतात. केशरांत जें रंगद्रव्य असतें तेंच त्यांतही आहे. तांबडा रंग मिळे तो तांदुळावर विशिष्ट बुरशी वाढवून. ही कृति सोंग यिंगशिंग यानें १६३७ च्या आपल्या उद्योगविषयक ग्रंथांत दिली आहे.

चिनी तत्त्वचिंतनांत लांकूड, अग्नि, पृथ्वी, धातु व जल या पांच तत्त्वांना अनुक्रमें हिरवा, तांबडा, पिवळा, पांढरा व काळा हे रंग दिले आहेत. त्यामुळें पांच रंगांचें ताट हें पूर्णतेचें चिन्ह मानलें जातें. दक्षिणेकडील ग्वांगशी प्रांतांतील झुआंग लोक तिसऱ्या चांद्रमासाच्या तृतीयेला पांच रंगांचा चिकट भात करतात. त्यांतला काळा रंग झाडाच्या पानांचा, पिवळा फुलांचा, तर तांबडा व जांभळा एका पालेभाजीसारख्या वनस्पतीचा असतो.

असें असलें तरी उत्तर चीनच्या सामान्य शेतकऱ्याला रंगीत पिठाचें कौतुक वाटण्याचें कारण नव्हतें. त्याच्या रोजच्या ताटांतला रंग हा दारिद्र्याचा होता. मक्याच्या पिवळ्या पिठाचे शंकूसारखे वाफवलेले गोळे, ज्वारीच्या पिठाचे तांबूस पदार्थ, हें त्याचें नित्याचें अन्न. पांढऱ्या पिठाची जिआओझी वर्षाकांठीं, नव्या वर्षाच्या रात्रीं, घरांत येई. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांच्या भीषण दुष्काळांत तीही कित्येकांना दुर्मिळ झाली. शहरांत १९५५ पासून धान्य कुपनांवर मिळत असे, आणि हीं कुपनें १९९३ मध्यें बंद झालीं. ज्या पिढीनें पांढऱ्या पिठाचा घांस मोजून खाल्ला तिला त्यांत मुद्दाम भोपळा किंवा पालक मिसळणें सुचणें कठीणच होतें. पांढरें पीठ हवें तितकें मिळूं लागलें, तेव्हांच रंग ही लाज न राहतां आवड झाली.

परंतु याच सुबत्तेच्या काळांत रंगाला आणखी एक अर्थ चिकटला. १८५६ मध्यें डांबरापासून पहिला कृत्रिम रंग निघाल्यावर जगभर रंग आणि वनस्पति यांची फारकत झाली. रंगासाठीं ना शेत लागे, ना ऋतु. एप्रिल २०११ मध्यें शांघाय शहरांत उघडकीस आलेलें प्रकरण या फारकतीचा परिणाम स्पष्टपणें दाखवितें. मक्याचे म्हणून दुकानांत विकले जाणारे वाफवलेले पाव मक्याच्या पिठानें नव्हे, तर कृत्रिम पिवळ्या रंगानें पिवळे केलेले होते. मुदत संपून परत आलेला मालही त्यांत पुन्हा मळला जात होता. तो रंग अशा पदार्थांत घालण्यास कायद्यानें मनाई होती. चिनी दूरचित्रवाणीनें हा प्रकार दाखवितांच देशभर संताप उसळला. दैवाचा खेळ असा कीं, जो पिवळा रंग एके काळीं गरिबीची खूण होता, तोच आतां आरोग्याची खूण म्हणून इतका मोलाचा झाला होता कीं, त्याची नक्कल करण्यांत लाभ होता.

घरीं रंगविलेल्या पारीचें खरें मोल या पार्श्वभूमीवर कळतें. तिची कृति साधी आहे. पांचशें ग्रॅम मैद्याला सुमारें अडीचशें ग्रॅम पाणी लागतें. पाण्याच्या जागीं भाजीचा रस घेतात, आणि दाट लगदा असेल तर तो थोडा अधिक लागतो. वाफवण्याच्या जिआओझीसाठीं कणीक बहुधा उकळत्या पाण्यानें भिजवितात. त्यामुळें पिठांतील पिष्ट तेव्हांच फुगतें आणि पारी वाफेंत कोरडी न पडतां मऊ राहते. अर्धा तास झांकून ठेवल्यावर लहान लाटी करून ती मधें जाड व कडेला पातळ लाटतात. पांढऱ्या कणकेच्या वळीभोंवतीं हिरव्या कणकेची पट्टी गुंडाळून काप पाडले म्हणजे पारीची कड हिरवी व मध्य पांढरा येतो. मिटलेली जिआओझी मग चिनी कोबीच्या गड्ड्यासारखी दिसते. त्या भाजीचें नांव आणि ‘शंभर प्रकारचें धन’ हे शब्द उच्चारांत जवळजवळ सारखे असल्यानें ती शुभ मानतात.

प्रत्येक रंगाचा स्वभाव मात्र निराळा असतो. पालक उकळत्या पाण्यांत क्षणभर बुडवून वाटला तर हिरवा राहतो. आंबटपणा व दीर्घ उष्णता यांनीं तो मळकट होतो. भोपळा आणि गाजर यांचा रंग उष्णतेला दाद देत नाहीं. लाल माठ व बीट यांचा गडद लाल रंग शिजतांना फिका पडतो. तांबड्या कोबीचा जांभळा रंग आंबटानें तांबूस, तर सोड्यानें निळा होतो. पाण्यांत उकळल्यास पुष्कळसा रंग पाण्यांतच उतरतो; वेळूच्या करंडींत दहा-बारा मिनिटें वाफवल्यास तो पारींतच राहतो. सारांश, खरा रंग थोडा लहरी असतो, आणि हा लहरीपणाच त्याच्या खरेपणाची साक्ष होय. बाजारांतील पिवळा पाव रोज एकाच छटेचा निघत असे. घरची पारी तशी कधींच निघत नाहीं.

दु फूच्या काळीं हिरवी कणीक पाहून ऋतु कळे. पुढें पिवळी पाहून घरची स्थिति कळे. नंतर तीच पाहून मनांत संशय येऊं लागला. आज सुटीच्या दिवशीं चिनी घरांत आजी भोपळा किसते, नातवंडें पालक वाटतात आणि ओट्यावर चार रंगांच्या लाट्या मांडल्या जातात, तेव्हां रंगाचा जुना अर्थ पुन्हा त्याला मिळतो. करंडीचें झांकण उघडल्यावर वाफेंतून जो हिरवा रंग दिसतो, त्याचें पान घरांतल्या प्रत्येकानें आपल्या हातानें निवडलेलें असतें.