सुईनंतरचा अर्धा तास

जानेवारी १९२२. तुम्ही आष्टीत आहात. मुलूख निजामाचा, बाजारात हाली सिक्का चालतो. ओसरीवर दहा-बारा वर्षांची पोर घोंगडीवर पडली आहे. घागर रिकामी केली तरी तिची तहान भागत नाही. लघवीला मुंग्या लागतात. जांभळाच्या बियांचं चूर्ण झालं, कारल्याचा रस झाला, पण पोर खंगतच चालली आहे. तुम्ही जवळ बसता तर श्वासाला पिकल्या फळाचा वास. रक्तात साखर तुंबलेली, स्नायूंना मात्र ती मिळत नाही, म्हणून शरीर स्वतःची चरबी जाळतंय. तिच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जवळपास संपल्या आहेत.

याच महिन्यात टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला जातोय. ११ तारखेची सुई फसली. अर्क अधिक शुद्ध करून २३ तारखेला पुन्हा दिला, आणि मुलगा सावरला. ओसरीवरच्या माउलीला हे कोणत्या तोंडाने सांगाल?

पुढे चला. १९६९, ऑक्सफर्ड. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र घेतलं १९३५ मध्ये. त्याचा आकार आत्ता कुठे उलगडला आहे. चमूत आपले एम. विजयनही आहेत. प्रतिकृतीभोवती फिरून पाहा. दोन साखळ्या, एक २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३०ची. गंधकाचे दोन पूल त्यांना जोडतात, तिसरा धाकट्या साखळीतच आहे. असे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती बसलेत. सहा सुटे नव्हेत, तीन जोड्या. ऊसतोडीला जाणाऱ्या आष्टीच्या माणसाला हे चटकन कळेल: नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ही तीन कोयत्यांची टोळी.

टोळी साठवणीसाठी. काम करतो तो एकटा रेणू. तो पेशीवरच्या ग्राहकाला चिकटला की स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत घेणारी दारं पृष्ठभागावर आणतात, आणि यकृत रक्तात साखर सोडणं कमी करतं.

२००३. मुंबईची वोक्हार्ट कंपनी औरंगाबादच्या कारखान्यात यीस्टकडून घडवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणते. गाईचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा तीन अमिनो आम्लांनी वेगळं, डुकराचं एकाने. हे मात्र हुबेहूब माणसाचं, आणि आपल्या मराठवाड्यातलं. अभिमान वाटू द्या.

आता आजच्या दिवाळीनंतर या. आष्टीहून निघालेली टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर उतरली आहे. एका कोपीत तशीच दहा-बारा वर्षांची पोर, पण ही धडधाकट. फ्रिज नाही. ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात तिची इन्सुलिनची बाटली आहे. उन्हात तापली तर रेणूंची घडी उलगडते, त्यांचे निकामी धागे होतात. बर्फात गोठली तरी ती वाया जाते.

पहाटे ती स्वतःच पोटाला सुई टोचते. साधं मानवी इन्सुलिन, म्हणून जेवण अर्ध्या तासाने. त्वचेखाली सहांची टोळी फुटून जोड्या, जोड्या फुटून एकेकटे रेणू होतात, मग ते रक्तात उतरतात. तोवर थांबायचं, पण त्याहून फार उशीर करायचा नाही. साखर उतरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. आई-बाप अंधारातच फडात जातात, चूल घाईत पेटते. मला वाटतं, ही वेळ सांभाळणं तिच्या एकटीवर टाकू नये. तुम्ही आलाच आहात तर मुकादमाला गाठा. सांगा, या कोपीतली भाकरी झाल्याशिवाय तिच्या आईला हाक मारू नका, आणि पोरीच्या ओढणीला गुळाचा खडा बांधलेला असू द्या.