श्रीरंगपट्टणचे बिरुद आणि मुंबईचे मैदान

बंगळुरास बदलून आलेल्या मराठी माणसाकडे पाहुणे आले, की श्रीरंगपट्टणची फेरी चुकत नाही. १७९९ च्या वेढ्यात इंग्रजी सैन्याचे आधिपत्य जनरल जॉर्ज हॅरिसकडे होते व पुढे तो 'श्रीरंगपट्टण आणि म्हैसूरचा बॅरन' झाला, हे आम्ही पाहुण्यांस सांगतोच. परंतु तेच बिरुद मिरवीत त्याचा पणतू १८९० साली मुंबईचा गव्हर्नर होऊन आला, हे सांगावयाचे राहून जाते.

हा चौथा लॉर्ड हॅरिस १८५१ साली त्रिनिदाद बेटात जन्मला. त्याचे वडील पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. ईटन व ऑक्सफर्ड येथे शिकलेला हा उमराव हौशी क्रिकेटपटूंचा मुकुटमणी होता. १८८० साली इंग्लंडच्या भूमीवरील पहिल्या कसोटीत तोच कर्णधार होता. तत्पूर्वी, १८७९ मध्ये सिडनी येथे पंचाच्या निर्णयावरून खवळलेला जमाव मैदानात घुसला. हॅरिसने पंचाची पाठराखण केली, अंगावर प्रहार सोसला, पण मैदान सोडले नाही.

मुंबईत त्याने खेळास उत्तेजन दिले. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने प्रांताचा सोहळा बनले; हिंदू जिमखानाही त्याच्याच कारकिर्दीत, १८९४ साली, उभा राहिला.

परंतु ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा भीषण दंगा उसळला, तेव्हा गव्हर्नरसाहेब पुण्यास गणेशखिंडीत होते. शहरात माणसे मरत असता त्यांनी तातडीने मुंबई गाठली नाही, याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. सिडनीस जागचा न हललेला कर्णधार मुंबईच्या संकटात जागेवर नव्हता!

त्याच काळात पुण्यास गोऱ्यांच्या मैदानावर पगारी नोकर म्हणून राबणारा, जातीने अस्पृश्य गणलेला पाळवणकर बाळू साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत होता. १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांस हरविले, तेव्हा तो त्या संघाचा आधारस्तंभ होता. मैदान देणाऱ्याची आठवण अवश्य ठेवावी. ते मैदान कोणी जिंकले, हेही विसरू नये.

आम्ही परमुलखात अधिकाराच्या खुर्चीवर बसणारी माणसे. खुर्ची सोडल्यावर येथील लोक आमचे गुण मोजतील, छंदही आठवतील. पण प्रथम विचारतील ते एवढेच, की कठीण दिवशी तुम्ही कोठे होता?